कडेला चिकटून जाऊ नकोस

उट्रेख्त (नेदरलँड्स), ८ जून

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

काल आईकडून कळलं, सोमवारपासून तू ऑफिसला सायकलने जाणार. ती काळजीत होती, मला मात्र फार आनंद झाला. फोनवर सगळं सांगून होत नाही म्हणून लिहितेय.

आधी रस्ता. डेक्कनला जायचं म्हणजे स्कूटरवर तू सरळ कर्वे रस्ता धरतोस. सायकलवर नळस्टॉपपर्यंत इलाज नाही, पण तिथून डावीकडे लॉ कॉलेज रोडला लाग आणि भांडारकर रोडने खाली उतर. थोडा वळसा पडेल, पण सावली आहे. रविवारी सकाळी एकदा जाऊन बघ, मग एखाद्या कामाच्या दिवशी, ऑफिसच्याच वेळेला. खड्डे कुठे आहेत ते तेव्हाच कळतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याला लहानपणापासून सांगितलंय, सायकल अगदी कडेने चालव. कडेने जा, पण कडेला चिकटून जाऊ नकोस. उभ्या गाड्यांपासून हातभर तरी अंतर ठेव, जमलं तर त्याहून जास्त. मी बी.एस्सी.ला असताना कर्वे रस्त्यावर एका उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं. हँडल दारावर आपटलं आणि मी रस्त्याच्या बाजूला पडले. मागून येणारी रिक्षा माझ्या डोक्यापासून दोन हातांवर थांबली. उजव्या कोपरावरचा तो डाग त्याचाच आहे. आईला कॉलेजच्या पायऱ्यांवरून पडले असं सांगितलं होतं. उभ्या गाडीत कुणी बसलंय का, ते मागच्या काचेतून आधीच बघत जा. मागून कुणी हॉर्न वाजवला तरी आत सरकू नकोस.

पीएमपीची बस स्टॉपवर उभी असेल तर डावीकडून कधीही घुसू नकोस, माणसं उतरत असतात. थांब, ती निघू दे.

पाऊस आता येईलच. ओल्या रस्त्यावर पांढरे पट्टे आणि चेंबरची लोखंडी झाकणं साबणासारखी निसरडी होतात, त्यांच्यावर ना वळायचं ना ब्रेक दाबायचा. रिम ओली झाली की रबर उशिरा धरतं, म्हणून दोन्ही ब्रेक आधीपासून हलके दाबत ये. साचलेल्या पाण्यात सायकल घालू नकोस, खाली काय आहे ते दिसत नाही. दोन्ही मडगार्ड बसवून घे, मागे लाल दिवा लाव. हवा दर आठवड्याला बघ; किती भरायची तो आकडा टायरच्या कडेवरच असतो. सॅक पाठीवर नको, कॅरिअरला बांध, नाहीतर शर्ट पाठीला चिकटतो. एक शर्ट ऑफिसात ठेवून दे.

इथे स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली ठेवायची जागा आहे. पण हे आपोआप झालेलं नाही. १९७० च्या दशकात इथेही रस्त्यांवर मुलं मरत होती, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. गाडी शिकवतानाच इथे सांगतात की दार दारापासून लांब असलेल्या हाताने उघडायचं. तसं केलं की अंग आपोआप वळतं आणि मागचा सायकलवाला दिसतो.

आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो, म्हणजे दार डाव्या हाताने उघडायचं. बाबांना हे आजच सांग, आणि त्यांच्याकडून दोन-तीनदा करून घे. माझ्या कोपराचं खरं कारणही आता सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
ताई