बारा मोटेच्या विहिरीवरील काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

साताऱ्याजवळच्या लिंब गावातील बारा मोटेच्या विहिरीत एप्रिलमध्ये केलेले आमचे ध्वनिमुद्रण मनासारखे पार पडले, आणि त्याचे श्रेय आमच्या यंत्रांपेक्षा आपल्याकडे अधिक जाते, हे चारचौघांत सांगावे म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

“विहिरीतून पाणी भरून नेतात, आवाज कसा भरून नेणार?” असे आपण पहिल्याच दिवशी विचारले होते आणि मी घाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेली होती. त्याचे नीट उत्तर आज देतो. आम्ही स्पीकरवर वाजवलेली, खर्जापासून कानठळ्या बसेपर्यंत चढत जाणारी ती अर्ध्या मिनिटाची शिट्टी 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंतची होती. आवाज टिपणारे चार कोश असलेल्या मायक्रोफोनने तिचे पडसाद दिशांसह टिपले. आता संगणकावर त्या मुद्रणातून शिट्टी वजा केली की मागे उरतो तो फक्त विहिरीचा स्वभाव, म्हणजे एका टाळीला तिने दिलेला जबाब. बंद खोलीत कोरडा वाजवलेला पखवाज या जबाबातून गाळून घेतला, की ऐकणाऱ्याला तो चहूबाजूंनी, विहिरीच्या तळाशी उभे राहिल्यासारखा ऐकू येतो. शिट्टीची ही रीत इटलीच्या अँजेलो फारिना यांनी 2000 साली मांडली. ही रीत वापरण्याआधी टाळीसारख्या क्षणिक आवाजासाठी आम्ही फुगे फोडून पाहिले होते, पण फुग्याच्या आवाजात खर्ज फारच कमी.

सुमारे तीनशे वर्षांपूर्वी, शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेल्या या विहिरीचे आठ कोन मोटांच्या सोयीचे असतील, पण आवाजाला ते वेगळ्याच तऱ्हेने खेळवतात. समोरासमोरच्या भिंतींच्या चार जोड्या, मधले अंतर सुमारे 50 फूट. जाऊन परत यायला आवाजाला सेकंदाचा साधारण अकरावा हिस्सा लागतो, म्हणून टाळी वाजवली की पारव्याच्या पंखांसारखी फडफड ऐकू येते. खालचे पाणी जवळजवळ सगळा आवाज परतवते, वर मात्र उघडे आकाश; तिकडे गेलेला आवाज परत येत नाही. हे छत नसणेही मुद्रणात स्पष्ट जाणवते, आणि मला स्वतःला तोच भाग सर्वांत आवडतो.

परंतु हे सारे हाती लागायचे तर निव्वळ शांतता हवी, आणि ती आमच्याकडे नव्हती. पहिल्या खेपेस आम्ही मध्यरात्री आलो, तर आसपासच्या शेतांतील मोटारी पहाटेपर्यंत घरघरत होत्या. “या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे, पुढच्या आठवड्यात दिवसाची होईल, तेव्हा या,” असे आपण सांगितले नसते तर आम्ही रात्रीमागून रात्री वाया घालवल्या असत्या. दुसऱ्या खेपेस आपण दोन शेजाऱ्यांना घरी जाऊन विनंती केली, पारवे उजाडताच उठतात म्हणून चार वाजताच काम सुरू करायला लावले, आणि स्वतः चपला वर काढून ठेवून पायऱ्यांवर अनवाणी बसलात. शिट्टी चालू असताना एक चप्पल जरी आपटली, तरी हिशेब झाल्यावर ती वरून खाली घसरत येणाऱ्या शिटीच्या रूपात मुद्रणात उमटते; आपल्याला हे कोणी सांगितले नव्हते. पहाटेच्या त्या बावीस मुद्रणांपैकी एकवीस निर्दोष निघाली. बाविसाव्यात मीच खोकलो.

सोबत पेनड्राइव्ह पाठवत आहे. आपल्या नातवाच्या हेडफोनवर ऐकावे, मोबाइलच्या स्पीकरवर काही कळणार नाही.

पावसाळ्यानंतर पाणी वर चढले की ही विहीर वेगळी बोलेल, म्हणून दिवाळीच्या सुमारास पुन्हा येण्याचा विचार आहे. पाणी कितव्या पायरीला आहे आणि त्या आठवड्यात लाइट दिवसाची की रात्रीची, एवढे कृपया फोनवर कळवावे.

आपला कृतज्ञ,
शिट्टीवाला