मठवाल्यांचं पाटबंधारे खातं

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी इकडे जर्मनीत खुशाल आहे. फोनवर बोलणं होतंच, पण हे सगळं फोनवर सांगायला गेले की आई मधेच जेवणाचं विचारते, म्हणून लिहून पाठवते आहे.

रविवारी माउलब्रॉनचा मठ बघून आले. स्टुटगार्टहून म्यूलाकरपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी 1147 साली इथे बस्तान बसवलं. शहरापासून लांब राहायचं, अंगमेहनत करायची, मांस खायचं नाही, असे त्यांचे नियम. त्यामुळे जागाही अशीच शोधायचे, दरीतली, ओढ्याकाठची. सामानाने लादलेलं खेचर थकून जिथे थांबलं तिथेच मठ बांधला, अशी दंतकथा आहे. पण बाबा, पाणी बघितल्याशिवाय कोणी खेचर थांबू देतं का!

कारण खरी गंमत पाण्याचीच आहे. ओढ्यांवर मातीचे बांध घालून त्यांनी तळ्यांची साखळीच उभी केली. तळ्यांतून पाट काढले, दलदलीतलं पाणी चर खणून काढून दिलं, गिरण्या चालवल्या. मांस वर्ज्य, म्हणून तळ्यांत मासे पाळले. 1993 साली युनेस्कोने हा मठ जागतिक वारसा म्हणून जाहीर केला, तेव्हा इमारतींइतकंच या पाणी-व्यवस्थेचंही कौतुक केलं. मी एका बांधावरून चालले. वर गवत, झाडं, एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला खोलात शेत. कोणी सांगितलं नसतं तर टेकडीच समजले असते. तुम्ही असतात तर आधी सांडवा कुठेय ते विचारलं असतं.

आत अंगणाच्या कडेला, जेवणघराच्या दारासमोर, कारंज्याचं छोटं घर आहे. जेवणाआधी हात इथे धुवायचे. एकावर एक तीन दगडी पात्रं, त्यातलं खालचं जुनं, वरची नंतर बसवलेली. पाणी काठावरून इतकं सारखं ओघळतं की मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. शेजारी एक शेकोटीची खोली आहे. तिथली युक्ती अशी की जाळ खालच्या तळघरात, आणि ऊब वर जमिनीतल्या भोकांतून. एवढ्या मोठ्या मठात थंडीत अंग शेकायला साधूंना हीच जागा.

एक गोष्ट मात्र खटकली. मठात दोन प्रकारची माणसं असायची, प्रार्थना करणारे साधू आणि शेतात राबणारे सेवक-बंधू. व्रतं दोघांनीही घेतलेली, पण जेवणघरं वेगळी, निजायच्या जागा वेगळ्या, आणि चर्चच्या मधोमध दगडी भिंत. ती अजून उभी आहे. पलीकडे साधू, अलीकडे हे. तळी खणण्यात, बांध घालण्यात घाम बहुतेक यांचाच गळला असणार, आणि बसायचं भिंतीच्या अलीकडे! आपल्याकडे याचं कोणाला नवल वाटणार नाही म्हणा.

पुढे सोळाव्या शतकात धर्मसुधारणेत, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ निघाला त्या काळात, मठ बंद झाला आणि 1556 मध्ये तिथे शाळा निघाली. ती अजून चालू आहे. योहानेस केप्लर तिथला विद्यार्थी, 1586 ते 1589. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे सांगणारा तोच, बाबा.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट. इकडे माउलटाशन म्हणून पदार्थ मिळतो, मैद्याच्या पारीत सारण भरून उकडलेला. म्हणे उपासाच्या दिवसांत साधूंना मांस मिळालं, ते त्यांनी पारीत लपवलं, म्हणजे देवाला दिसू नये! एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय. मी पालकाचे खाल्ले, काळजी नको.

व्हिसाचे कागद वेळेत द्या. आणि बाबा, उन्हाळ्यात मठामागच्या तळ्यात लोक पोहतात, तेव्हा पोहण्याची चड्डी बॅगेत घाला. आईने नको म्हटलं तरी.

तुमची,
छकुली