आधी मीटरचा काटा बघा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या बुलेटवरचा लेख वाचला. फोटो झकास. पण ‘पॉइंटची कटकट काढा आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा’ हा सल्ला पटला नाही. पॉइंट म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉईलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच; इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये तो नसतो. ज्याला रोज लांब जायचंय त्याने खुशाल बसवावं. पण मिरजेत ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून उभी हयात गेली, त्यावरून सांगतो, बहुतेकदा पॉइंट नाही, आपली घाई नडते. गाडी बंद पडली की कॉईल बदल, कार्बोरेटर खोल, बॅटरी नवी टाक. बिल वाढतं, गाडी जागेवरच.

जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर अँपिअर मीटर, म्हणजे करंट दाखवणारा काटा असतो. अर्धं काम तोच करतो. लाइट बंद ठेवून चावी ऑन करा, डीकॉम्प्रेशनचा (किक हलकी करणारा) लिव्हर दाबून किक सावकाश खाली न्या. काटा वजाकडे झुकला म्हणजे पॉइंट मिटले, शून्यावर आला म्हणजे उघडले. काटा हललाच नाही, तर पॉइंटवर तेल-काजळी असेल, नाहीतर वायर कुठेतरी सुटली असेल. पॉइंट उघडे असूनही काटा झुकलेलाच राहिला, तर बहुधा कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली करंट साठवणारी छोटी डबी) शॉर्ट, किंवा पॉइंट बसवताना फायबरचा वॉशर चुकीच्या जागी गेलाय. मात्र चावी उगाच ऑन ठेवून बसू नका, कॉईल तापते.

काटा नीट हलतोय, तरी प्लगची ठिणगी पिवळट? मग पॉइंटचं झाकण काढून अंधारात किक मारायला सांगा. पॉइंटमध्येच ठळक निळी ठिणगी उडत असेल, तर कंडेन्सर गेला. पॉइंट उघडताना उडी मारू पाहणारा करंट त्याने पोटात घ्यायचा असतो. तो घेतला नाही की पॉइंट जळतात आणि प्लगला जोर मिळत नाही. तसं दिसलं नाही, तर एचटी वायर (कॉईलकडून प्लगकडे जाणारी जाड वायर), प्लग कॅप आणि शेवटी कॉईल तपासा.

गार गाडी एका किकला सुरू, तापली की बंद, हा तर कंडेन्सर-कॉईलचा ठरलेला खेळ. लोक प्लग बदलतात, तेवढ्या वेळात गाडी गार होऊन सुरू होते, आणि श्रेय नव्या प्लगला! तासगावहून अशीच एक बुलेट आली होती. कॉईल कोरी करकरीत, कार्बोरेटर धुऊन लख्ख. गेला होता कंडेन्सर. वर दुकानातून आणलेला नवाही फुसका निघाला. म्हणून जुन्या भंगारातला चालू कंडेन्सर मी कधी टाकून देत नाही.

राहिला उघड्या पॉइंटमधला गॅप. फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या भागावर) घासणारी फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि ठिणगीचं टायमिंग मागे पडतं. कॅमला ग्रीसचं बोट लावायला कुणालाच आठवत नाही. पॉलिश पेपर मारल्यावर पेट्रोलच्या फडक्याने पॉइंट पुसा, कचकच राहिली तर नवं दुखणं.

पुढच्या लेखात पॉइंटच्या प्लेटचा एक मोठा फोटो छापावा, ही विनंती. चकचकीत टाक्या वाचकांनी पुष्कळ पाहिल्या.

– एक निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन, मिरज