एका दिवसाच्या शिबिरात गोचीड मरत नाही

मा. पशुसंवर्धन मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

कुत्र्यांच्या कीटकजन्य आजारांवर काही करायचं ठरलं की आधी शिबिर ठरतं. मंडप, फलक, फोटो. रेबीजच्या लशीला ते चालतं. सुई टोचली की निदान वर्षभराची चिंता मिटते. डास, वाळूमाशी आणि गोचीड यांचं तसं नाही. (गोचीड आठ पायांची, म्हणजे शास्त्राने कीटक नव्हेच. तरी योजनेत तिला याच रकान्यात बसवावं, नाहीतर ती कागदावरच सुटायची.)

मी पशुवैद्य आहे. कुत्रा टेबलावर आला की आधी हिरड्या पाहतो, मग कानाची आतली घडी, मग बोटांच्या बेचक्या. तिथे एरंडीच्या बीसारखी टम्म फुगलेली गोचीड हमखास सापडते. ती काढतो, औषध लावतो, मालक समाधानाने जातो. पण तिच्याआधी गळून पडलेल्या माद्यांनी घरातल्या भिंतीच्या फटींत हजारोंनी अंडी घातलेली असतात आणि उपाशी गोचीड तिथे महिनोन्‌महिने तग धरते. औषध कुत्र्याला मिळतं, फटींना नाही. काही आठवड्यांनी तोच कुत्रा पुन्हा टेबलावर, या वेळी रक्त कमी झाल्याने हिरड्या पांढऱ्याफटक.

हार्टवर्म, म्हणजे कुत्र्याच्या हृदयात वाढणारा जंत, त्याहून फसवा. डासाने सोडलेल्या अळीची पूर्ण वाढ व्हायला 6 महिने तरी लागतात. तोवर नेहमीच्या अँटिजेन चाचणीत काहीच दिसत नाही. दरमहाची गोळी कोवळ्या अळ्या मारते. मध्ये दोन-तीन महिने चुकले की मोठ्या झालेल्या अळ्या तिला दाद देत नाहीत. पाळलेल्या कुत्र्याचीही गोळी विसरते, मग बेवारस कुत्र्याला दर महिन्याला शोधून काढायचं कोणी?

वाळूमाशीच्या चाव्यातून कुत्र्यांना आणि माणसांनाही होणाऱ्या लिश्मानियासिस या आजारासाठी बाधित कुत्रे मारण्याचा मार्ग ब्राझीलने वर्षानुवर्षे अवलंबला. मारलेल्यांच्या जागी नवी पिल्लं आली, वाळूमाशी होती तिथेच राहिली. डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा गळपट्टा बरा. तो काही महिने माशीला दूर ठेवतो. फक्त तो गळ्यात टिकायला हवा, आणि हरवला तर दुसरा बांधायला कुणी यायला हवं.

तेव्हा मागणी एवढीच, की निधी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा. अहवालात ‘किती कुत्र्यांना औषध दिलं’ या रकान्याशेजारी ‘त्यांतले किती पुन्हा तपासले’ हाही रकाना घाला. पहिल्या वर्षी तो बहुधा रिकामा येईल. तसाच छापा.

आपला,
एक पशुवैद्य