फोटोखाली गावाचं आणि कारागिराचं नाव असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी काढलेल्या छायाचित्रांचं पान असतं. पावसाळा लागला की त्यावर तोरणमाळ आणि पाटणादेवीचे धबधबे येतात, हिवाळ्यात तापीवरचा सूर्यास्त येतो आणि फाल्गुनात सातपुड्यातली होळी. फोटो देखणे असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण खाली ओळ काय असते? ‘निसर्गाची किमया’, ‘रंग जीवनाचे’. गाव नाही, तारीख नाही, फोटो काढणाऱ्याचं नाव मात्र ठळक. या पानावर रोजच्या येण्याजाण्यात दिसणाऱ्या गोष्टींनाही जागा मिळावी, आणि ती गोष्ट कुठली, कोणाच्या हातची, हे खाली छापलं जावं, एवढंच सांगायला हे पत्र.

मी विमा प्रतिनिधी आहे. खानदेशातल्या अमळनेर, पारोळा, धरणगाव, एरंडोल या पट्ट्यात मोटारसायकलवर फिरतो. कोणी शेतातून यायचा असतो, कोणी घरात पासबुक शोधत असतो, आणि मी ओट्यावर बसलेलो असतो. त्या बसण्यातूनच फोटोची सवय लागली. मोबाइल साधाच आहे. कॅमेरा घ्यायचा विचार नाही, कारण गळ्यात कॅमेरा दिसला की लोक सरळ उभे राहतात आणि पोरं गोळा होतात.

ओट्यावर बसलं की समोर बहुतेक वेळा धाब्याचं घर असतं. लाकडी कड्यांवर पांढरी माती घातलेलं सपाट छप्पर, सागवानी चौकट, गणेशपट्टीवर गणपती, त्याच्या दोन्ही बाजूंना मोर नाहीतर पोपट, आणि पिढ्यान्‌पिढ्या हात लागून चकचकीत झालेली पितळी कडी. शेजारी देवळी असते, तिच्या वर दिव्याच्या काजळीचा पट्टा. ही कामं करणाऱ्या सुतारांनी नावं कोरून ठेवली नाहीत. कुठे कुठे माथ्यावर शक किंवा सन तेवढा सापडतो.

अशा कोरीवकामाचा फोटो भर दुपारी काढून उपयोग नाही. वैशाखात आमच्याकडचं बाराचं ऊन असं सरळ खाली येतं की छपराची सावली दरवाजाला मध्येच कापते. वरचा अर्धा भाग काळा, खालचा पांढराफेक. पूर्वेकडे तोंड असलेल्या घरावर अगदी सकाळचं ऊन समोरून पडतं, त्यात वेलबुट्टी सपाट दिसते. दहा-साडेदहाच्या पुढे तेच ऊन भिंतीला घासून उतरतं आणि प्रत्येक पाकळीखाली सावली धरते. ती वेळ फार टिकत नाही, पण विमा प्रतिनिधीला थांबायचं वावडं नसतं. उत्तरेकडच्या दरवाजाला थेट ऊन मिळणं कठीण. तिथे समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून परतलेला उजेड कामाला येतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात चांगला. मोबाइलच्या पडद्यावर उजळ भागाला बोट लावून उजेड थोडा उतरवावा, नाहीतर सावलीतलं दाखवायच्या नादात तो चुन्याचा पोतच उडवून टाकतो. झूम करू नये, दोन पावलं पुढे जावं. आणि आधी भिंग पुसावं! खिशातल्या घामाधुळीने ते पुसट झालेलं असतं, आणि आपण म्हणतो फोटोत धुकं आलं.

घरांपेक्षाही घाईने जाणारी गोष्ट म्हणजे हाताने रंगवलेल्या पाट्या. सलूनच्या काचेवरची सावली दिलेली अक्षरं, रसवंतीच्या फळीवरचा ऊस आणि बैल, पिठाच्या गिरणीचे दर, ट्रकच्या फाळक्यावरची कमळं. फ्लेक्स आला आणि पेंटर लोकांच्या हातचं काम गेलं. ज्या थोड्या पाट्या उरल्यात त्या नीट पाहा: खालच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरचं नाव, बहुधा गावासकट, असतं. आणि फोटो काढणारे नेमका तोच कोपरा कापतात, कारण चौकट सुबक दिसायला हवी. आपल्या पानावरही असे फोटो आले आहेत. ज्याने सही करून ठेवली त्याचीसुद्धा सही आपण ठेवत नाही, तर न कोरलेल्या नावांचं काय होणार?

कोणी म्हणेल, दरवाजे आणि पाट्या यांत कसली कला? त्याला चाळीसगावला पाठवावं. छायाचित्रकार केकी मूस यांचा जन्म १९१२ चा, मुंबईचा. आयुष्य मात्र त्यांनी चाळीसगावात स्टेशनजवळच्या बंगल्यात काढलं, आणि कित्येक दशकं जवळजवळ त्याच्या बाहेर न पडता. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, त्यांच्यावर उजेड खेळवायचा आणि त्यातून अख्खं दृश्य उभं करायचं. ‘टेबलटॉप’ छायाचित्रणातलं त्यांचं काम देशाबाहेरही वाखाणलं गेलं. ३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले. त्यांच्या घरी आता कलादालन आहे. पंजाब मेलने येणाऱ्या प्रेयसीची ते रोज वाट पाहत, ही गोष्ट माझ्या ओळखीतला प्रत्येक जण चवीने सांगतो, आणि त्यातल्या निम्म्यांनी दालनात पाऊल टाकलेलं नाही. मला त्या गोष्टीपेक्षा टेबल महत्त्वाचं वाटतं. उंबऱ्याच्या आत ज्याला एवढं दिसलं, त्याच्या मुलुखात फोटोसाठी धबधबाच लागतो हे पटत नाही.

धाब्याची घरं पाडणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. धाबं गळतं, पावसाळ्याआधी माती घालायला माणूस मिळत नाही, आणि ज्याला त्यात राहायचं त्याला स्लॅब हवा असतो. फोटोत छान दिसतं म्हणून त्याने गळक्या छपराखाली झोपावं हा शहाणपणा शहरातून येणाऱ्यांनी शिकवू नये. पण पाडायच्या आधी फोटो काढता येतो. कोरीव चौकटी जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे जातात, तिथून कुठल्या तरी हॉटेलच्या भिंतीवर. मग ती पारोळ्याची की शिरपूरची हे कोण सांगणार? पाचोरा-जामनेर नॅरोगेजचंही तसंच. ती गाडी २०२० पासून बंद आहे. ओळखीच्या लोकांकडे मी तिचे फोटो मागितले तर इंजिनासमोरच्या सेल्फीच आल्या. डब्यातली बाकं, तिकिटाची खिडकी, स्टेशनच्या पाटीवरची अक्षरं कोणाकडेच नव्हती.

माणसांच्या फोटोबद्दलही लिहायला हवं. विचारल्याशिवाय काढू नये, हे सांगावं लागतं याचंच नवल. एरंडोलकडच्या एका गावात ओट्यावर वाती वळत बसलेल्या आजींना विचारलं, तर म्हणाल्या, “काय करशी रे भाऊ, मन्हा फोटू काढीसन? त्या दरवाजाना काढ.” मी दरवाजाचा काढला. नंतर त्यांनी आपणहून तो कोणत्या गावच्या सुताराने केला, लाकूड कुठून आणलं, हे सगळं सांगितलं. न विचारता कळ दाबली असती तर एक सुरकुतलेला चेहरा मिळाला असता, आणि खाली ‘अनुभवाच्या रेषा’ असं काहीतरी.

सातपुड्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीत हे फार होतं. मोरपिसांचा टोप, अंगावर पांढरे ठिपके, कमरेला सुकलेले भोपळे आणि घुंगरं. दरवर्षी तोच फोटो, तीच ओळ, ‘आदिवासी नृत्याचा आविष्कार’. तो माणूस नवसाने बसलेला असतो, दिवसांमागून दिवस पाळणी पाळतो, तेव्हा कुठे तो टोप डोक्यावर येतो. एवढं खाली छापलं तरी तोच फोटो निराळा वाचला जाईल. त्याची हरकत नसेल तर नावही छापावं. आपण क्रिकेटपटूचं छापतोच की.

नावं गाळायची ही सवय जुनी आहे. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं ते पहिलं. त्याची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी बांबू आणि तसल्याच गावठी सामानातून उभी केली. बोसांचं नाव आपण घेतो आणि घ्यायलाच हवं. बांबू विणणाऱ्या हातांचं कोणी घेत नाही. उलट उदाहरण भुसावळचं. अजिंठ्याची चित्रं वर्षानुवर्षं उतरवून घेणाऱ्या मेजर रॉबर्ट गिलची कबर तिथे आहे. त्याने रंगवलेल्या नकलांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. तरी त्याने काय, कुठे, केव्हा केलं हे आपल्याला ठाऊक आहे, ते मागे कागदपत्रं राहिली म्हणून.

तेव्हा त्या पानासाठी फोटो मागवताना गाव, तालुका, तारीख आणि शक्य तिथे कारागिराचं नाव यांशिवाय फोटो घेतला जाणार नाही असं छापा. तालुक्याशिवाय गाव म्हणजे काही नाही. आपल्याकडे एका नावाची गावं ढिगाने आहेत. फोटो व्हॉट्सॲपवर आला तर डॉक्युमेंट म्हणून मागा, नाहीतर तो आक्रसतो आणि कोपऱ्यातली पेंटरची सही वाचता येत नाही. धबधब्यांना महिन्यातून एक रविवार ठेवा. बाकीचे रविवार केळीची गाडी भरणाऱ्यांना, कानबाई देवीची सजावट करणाऱ्यांना, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, घागरी घडवणाऱ्या कुंभारांना आणि गोधड्या शिवणाऱ्यांना द्या. आवाहन पोळ्याच्या आधी छापलंत तर बरं. शिंगं घासून रंगवायचं काम सणाच्या आधीच गोठ्यात सुरू होतं, तेव्हा तिथे फोटो काढणारं कोणी नसतं. सगळे येतात ते मिरवणुकीला.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक विमा प्रतिनिधी, अमळनेर