दुसऱ्या प्रश्नालाही जागा द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतले शंकासमाधानाचे सदर मी आवर्जून वाचतो. प्रश्न अस्सल असतात. तक्रार उत्तरांबद्दल आहे. ती चुकीची असतात असे नाही (एखादे असते, त्याबद्दल पुढे लिहितो), पण फार लवकर आटोपतात. एखादी भारदस्त संज्ञा येते, परिच्छेद संपतो, आणि वाचणाऱ्याच्या मनात जो दुसरा प्रश्न उभा राहतो त्याला वालीच उरत नाही.

आकाश निळे का, याला आपण ‘रॅले विकिरणामुळे’ असे उत्तर दिलेत. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी कमी, म्हणून हवेचे रेणू तो जास्त विखुरतात, हेही सांगितलेत. ठीक. पण शाळेत तानापिहिनिपाजा घोकलेला कोणीही इथे विचारणारच, की सर्वांत कमी तरंगलांबी तर ‘जा’ची, मग आकाश जांभळे का नाही? शंका अगदी रास्त आहे. विखुरण्याचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्तात बदलते. लाल ७०० आणि जांभळा ४०० नॅनोमीटर धरला तर जांभळा लालच्या नऊपटींहून अधिक विखुरतो. मात्र सूर्यप्रकाशात तो मुळात निळ्याहून कमी असतो आणि आपला डोळाही त्याला फारशी दाद देत नाही. जे मिश्रण डोळ्यात शिरते ते आपल्याला निळे दिसते. म्हणजे निम्मे उत्तर डोळ्यातच दडलेले! छापलेल्या उत्तरात डोळ्याचा उल्लेखही नव्हता.

माणसाच्या वागण्याचे प्रश्न आले की संज्ञांची जागा ऐकीव गोष्टी घेतात. ‘शरीराला ऑक्सिजन कमी पडला की जांभई येते’ हे त्यातलेच. रॉबर्ट प्रोव्हाइन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्येच हे तपासले होते. लोकांना निव्वळ ऑक्सिजन दिला, जांभया कमी झाल्या नाहीत. कार्बन डायऑक्साइड वाढवलेली हवा दिली, श्वास वाढला पण जांभया वाढल्या नाहीत. जांभईच्या खऱ्या कारणावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही, आणि तेवढे सरळ छापायला काहीच हरकत नव्हती.

याउलट, स्वतःच स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत, याला दिलेले उत्तर बरोबर होते: ‘मेंदूला आधीच कळते.’ पण हे कशावरून? तो शोध उत्तरापेक्षा रंजक आहे. सारा-जेन ब्लेकमोर, ख्रिस फ्रिथ आणि डॅनियल वोलपर्ट यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस एक यंत्र वापरले. माणसाने डाव्या हाताने एक दांडा हलवायचा. ती हालचाल यंत्रमानवाच्या हाताकडे जाणार आणि त्याला लावलेला फोमचा तुकडा उजव्या तळहातावर फिरणार. हालचाल तत्काळ पोचली तर गुदगुली फिकी. मग त्यांनी मध्ये उशीर घातला, सेकंदाचा दहावा भाग, पाचवा भाग. जसजसा उशीर वाढला तसतशी गुदगुली वाढली. तळहातावर फोम फिरण्याची दिशा बदलली तरी तेच. करणारा तोच, हातही त्याचेच, फक्त मेंदूने बांधलेला अंदाज चुकला की स्पर्श परक्याचा वाटू लागतो. हा अंदाज बांधण्यात लहान मेंदूचा वाटा असल्याचे मेंदूच्या चित्रणातून पुढे आले. हे इतके लिहायला किती ओळी लागल्या? जाहिरातीची एक चौकट कमी केली तरी पुरे.

सर्वांत जास्त काळजी घ्यायला हवी ती ‘गर्दीत लोक मदत का करत नाहीत’ अशा प्रश्नांत. आपल्या उत्तरात न्यूयॉर्कमधल्या १९६४च्या किटी जेनोव्हीज खुनाचा दाखला होता: ३८ जणांनी पाहिले, कोणी हलले नाही. संपादक महोदय, हा आकडा एका वर्तमानपत्राच्या बातमीतूनच पसरला, आणि ती बातमी अतिरंजित होती हे त्याच वर्तमानपत्राने २०१६ मध्ये मान्य केले. त्या घटनेनंतर डार्ली आणि लाताने यांनी केलेला १९६८चा प्रयोग मात्र खरा. इंटरकॉमवर कोणाला तरी फेफऱ्यासारखा झटका आल्याचे ऐकू येते. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे वाटले तर झटका संपायच्या आत ८५ टक्के लोकांनी मदत मागितली, आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटले तेव्हा ३१ टक्क्यांनी. नवखा वाचक इथे पुढचे विचारतो: म्हणजे भर रस्त्यात माझ्यावर प्रसंग आला तर कोणीच येणार नाही? तर तसे नाही. ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रस्त्यांवरच्या सीसीटीव्ही चित्रणांच्या अभ्यासात दहापैकी नऊ भांडणांत निदान एक तरी माणूस मध्ये पडलेला दिसला, आणि बघे जास्त असतील तर कोणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त. एकेका माणसाची टाळाटाळ वाढली तरी माणसेही वाढलेली असतात, हा साधा हिशेब आपल्या उत्तरातून निसटला होता.

तेव्हा सूचना एवढीच, की उत्तर छापल्यावर त्याच वाचकाकडून एक उलट प्रश्न मागवा आणि पुढच्या अंकात आधी तो घ्या. नवे प्रश्न आठवडाभर थांबले तर थांबू देत. आणि ‘बालमित्रांनो’ने सुरुवात करणे सोडा, प्रश्न पाठवणाऱ्यांत निवृत्त झालेली माणसेही असतात, मी त्यांतलाच. माझा उलट प्रश्न सोबत पाठवत आहे: जांभईबद्दल नुसते वाचले तरी जांभई येते, ती का?

आपला,
एक नियमित वाचक