वीज कायद्यात सायबर सुरक्षेचं कलम आणा

संपादक साहेब, नमस्कार. मागच्या महिन्यात आमच्या शिवारातली डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली, चार दिवस लाइट नव्हती, विहिरीत पाणी असून हरभरा डोळ्यादेखत सुकत होता. एका डीपीनं ही गत, मग कुणी कम्प्युटरवरून ग्रीडच (वीज पोचवणारं सगळं जाळं) पाडली तर काय?

युक्रेनमधे २३ डिसेंबर २०१५ ला हेच झालं, हॅकर आधी ईमेलमधून आत शिरले आन मग ऑपरेटरच्या समोर स्क्रीनवरचा माऊस आपोआप फिरत सबस्टेशनचे ब्रेकर (वीज तोडणारे मोठे स्विच) पाडत गेला, सव्वादोन लाख ग्राहक ऐन थंडीत अंधारात. माणसांनी सबस्टेशनवर जाऊन हातानं ब्रेकर परत चालू केले म्हणून काही तासांत लाइट आली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपला वीज कायदा २००३ चा, तेव्हा घरोघर स्मार्ट मीटर कुठं होते? केंद्रीय वीज प्राधिकरणानं २०२१ ला सायबर सुरक्षेच्या गाइडलाइन काढल्या, चांगलंच केलं, पण हे वीज कायद्यातच स्पष्ट लिहा, दरवर्षी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी, हयगय केली तर दंड, आन हातानं लाइट चालू करायचा सराव सक्तीचा. आमच्या परळीच्या थर्मलपासून गावच्या सबस्टेशनपर्यंत सगळीकडं. मराठवाड्याच्या खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा ही कळकळीची विनंती.

– एक शेतकरी, ता. परळी, जि. बीड